अराबेला बकली आणि मुलांचे विज्ञान

प्रश्न : मुलांसाठी लिहिलेल्या जुन्या विज्ञानपुस्तकांची माहिती जमवताना अराबेला बकली हे नाव आढळले. त्या शास्त्रज्ञ होत्या का? नसल्यास हे ज्ञान त्यांनी कोठून मिळवले, आणि आमच्या खेड्यातील मुलांना त्यांच्या पुस्तकांचा आज काही उपयोग होईल का?
– एक प्राथमिक शिक्षिका, परभणी जिल्हा

उत्तर : अराबेला बकली (१८४०–१९२९) यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रायटन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. त्या संशोधक नव्हत्या. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदवी देण्याचे मान्य केले तेच मुळी १८७८ साली, आणि तोवर बकलीबाईंचे खरे शिक्षण वेगळ्याच वाटेने पुरे झाले होते. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांची दृष्टी अधू होती. त्यांच्या सचिव म्हणून १८६४ पासून १८७५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत बकलीबाईंनी काम केले. पत्रव्यवहार सांभाळताना त्या काळातील विज्ञानाचे मोठमोठे वाद त्यांच्या नजरेखालून गेले, आणि उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे डार्विन व वॉलेस यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे वॉलेस आर्थिक अडचणीत सापडले तेव्हा ती गोष्ट डार्विनच्या कानावर घालणाऱ्या बकलीबाईच होत्या. डार्विनने खटपट केली आणि १८८१ मध्ये वॉलेस यांना वर्षाला २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले. बकलीबाईंच्या चरित्रातील ही बाब मला त्यांच्या पुस्तकांइतकीच मोलाची वाटते.

‘द फेअरीलँड ऑफ सायन्स’ (१८७९) हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक मुलांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून तयार झाले. त्यानंतरच्या ‘लाइफ अँड हर चिल्ड्रन’ (१८८०) मध्ये अमिबापासून कीटकांपर्यंतची जीवसृष्टी आली असून पाठीच्या कण्याच्या प्राण्यांसाठी त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. जगण्याच्या धडपडीइतकेच पिलांचे संगोपन आणि परस्परांचे साहाय्यही जीवसृष्टीला घडवते, हे त्या आग्रहाने सांगत. त्या काळी हा आग्रह सोपा नव्हता.

उपयोगाविषयी म्हणाल, तर त्यांची उदाहरणे तशीच उचलू नयेत, त्यांची रीत घ्यावी. त्या प्रिमरोझचे फूल दाखवतात. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास शेतोशेती तूर फुललेली असते. तुरीच्या फुलाची वरची मोठी पाकळी निशाणासारखी उभी असते आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारखा आकार होतो. पुंकेसर त्या होडीत झाकलेले असतात. त्या होडीवर बोटाने अलगद दाब दिला की ते बाहेर येतात, आणि भुंग्याच्या अंगाला पराग कसा लागतो हे मुलांना आपोआप कळते. वाहते पाणी खडक कोरते हे सांगणाऱ्या प्रकरणासाठी तर अजिंठ्याच्या वाघूर नदीने काळ्या बेसॉल्ट खडकामध्ये कोरलेली, घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी आपल्याच मराठवाड्यात आहे. मुले तिथे लेणी पाहायला जातात, तेव्हा ती दरीही त्यांना थांबून दाखवावी.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. प्रकाश ‘ईथर’ नावाच्या सर्वव्यापी माध्यमातून लाटांच्या रूपाने येतो, असे त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी लिहिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विज्ञानाने ही कल्पना टाकून दिली, म्हणून सूर्यकिरणांचे ते प्रकरण वर्गात वाचून दाखवू नये. बाकी मजकूर आजच्या पाठ्यपुस्तकाशी ताडून घेऊन आपण निःशंकपणे मराठीत आणू शकता, कारण या पुस्तकांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे.