वाचकांचे प्रश्न : ग्रह बघायला कोणता आयपीस?

प्रश्न : माझ्याकडे 150 मिमी आरशाची, 1200 मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची) दुर्बीण आहे. सोबत 25 आणि 10 मिमीचे आयपीस (डोळ्याजवळ लावायची, बदलता येणारी भिंगं) मिळाले. गुरू बारीक दिसतो. दुकानदार 4 मिमी घ्या म्हणतात. चष्मा आहे. काय घ्यावं? – एक वाचक, निपाणी

उत्तर : 4 मिमी सध्या घेऊ नका. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने (त्यावर लिहिलेल्या मिमीने) भागलं की वर्धन मिळतं. तुमचा 10 मिमी 120 पट देतो, 4 मिमी 300 पट देईल. 150 मिमी आरशाची ही कागदावरची कमाल झाली. आपल्याकडची हवा एवढं वर्धन क्वचितच पेलते. 300 पटीला गुरू मोठा होईल, पण अंधूक आणि थरथरता.

आधी 8 मिमी घ्या (150 पट). बहुतेक रात्री हाच वापराल. स्थिर हवेच्या रात्रींसाठी नंतर 6 मिमी (200 पट). बार्लोचा (आयपीसआधी बसवून वर्धन वाढवणाऱ्या भिंगाचा) मोह होतो, पण दुप्पट बार्लोने तुमचा 25 मिमी 96 पटीवर जातो, म्हणजे 10 मिमीच्या जवळच, आणि 10 मिमी थेट 240 वर. नेमकी मधली जागा रिकामीच राहते.

चष्मा फक्त जवळच्या किंवा लांबच्या नंबरचा असेल तर काढून फोकस करा. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावा लागतो, आणि मग डोळा भिंगापासून 15 ते 20 मिमी लांब ठेवता येईल असाच आयपीस हवा. साध्या प्लॉसलमध्ये (आयपीसचा एक प्रचलित प्रकार) 6 मिमीला हे अंतर जेमतेम 4-5 मिमी असतं. पापण्या काचेला लागतात. दृष्टिक्षेत्रही (आयपीसमधून दिसणाऱ्या गोलाची रुंदी) बघून घ्या. 8 मिमीला ते 60 अंशांचं असेल तर हाताने न ढकलता ग्रह सुमारे दीड मिनिट दिसत राहतो. 4 मिमीच्या 50 अंशांच्या प्लॉसलमध्ये फक्त 40 सेकंद.

खरेदीआधी एक तपासणी. दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग 10 मिमीतून एक तेजस्वी तारा किंचित फोकसबाहेर आणा. वलयं एककेंद्री नसतील तर आरशांची जुळणी बिघडली आहे. उकळत्या पाण्यासारखी हलत असतील तर दोष हवेचा. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो. अंगणात किंवा शेतात मांडा. 120 पटीला प्रतिमा नीट नसेल तर कुठलाही नवा आयपीस ती सुधारणार नाही.

बेळगाव 16 अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे आणि 2026-27 च्या हिवाळ्यात गुरू आकाशाच्या साधारण त्याच पट्ट्यातून जातो, म्हणजे सर्वांत उंच असताना तुमच्याकडे जवळजवळ डोक्यावर. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ, पण डॉब्सोनियन डोक्यावर नीट वळवता येत नाही. 50 ते 70 अंश उंचीवर असताना बघून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यानंतर आयपीसमध्ये जाळीसारखं दिसतं. पुसू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : जाळी आतल्या काचेवर असेल तर ती बुरशी, बाहेरून पुसून जाणार नाही. स्वतः खोलू नका, भिंगांचा क्रम उलटला की आयपीस संपला. बाहेरच्या धुळीला आधी ब्लोअर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला स्वच्छ कापूस, न दाबता. जूनआधी आयपीस कापडी किंवा चामड्याच्या पिशवीतून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल रंग बदललं की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घाला. दव पडलेल्या आयपीसला लगेच झाकण लावू नका.