वडील निवृत्त झाले, त्यांचे ऑफिसचे कपडे पडून आहेत. मुलाखतींना जाणाऱ्या गरजू मुलांना कसे देता येतील?

जरूर द्या, फक्त गाठोडं बांधून कुठेतरी नेऊन टाकू नका. तुम्ही लिहिलंय की वीसेक शर्ट, तेवढ्याच पँटी, दोन कोट आणि बूट आहेत आणि बोहारणीला द्यायचं जिवावर येतं. मी एका रोजगार-प्रशिक्षण केंद्रात प्लेसमेंटचं काम बघते. आमची मुलं शोरूम, कॉल सेंटर, हॉटेलचं रिसेप्शन, कुरिअर ऑफिस असल्या नोकऱ्यांच्या मुलाखतींना जातात, त्यामुळे अनुभवावरून सांगते.

शर्ट सगळ्यात उपयोगी. फुल बाह्यांचे, साधे किंवा बारीक रेघांचे. कॉलरची घडी आणि कफ घासलेत का, काखेत पिवळट पडलंय का, एवढं उजेडात बघून घ्या. असा शर्ट तुम्ही स्वतः घालून बाहेर जाल का? नसेल तर तो बाजूला काढा.

पँटींचं मात्र अवघड आहे. निवृत्त माणसाची कंबर ३६-३८, आमच्या पोरांची २८-३०. टेलर दोनेक इंच आत घेतो. त्याहून जास्त घेतलं की मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात आणि पँट मागून दुसऱ्याची आहे हे लगेच कळतं. म्हणून पँटींऐवजी अल्टरचे पैसे किंवा एखादी नवी पँट दिलीत तर जास्त कामाची. कोट घरीच राहू द्या. सेल्समनच्या मुलाखतीला कोट घालून गेलेला मुलगा स्वतःच अवघडून बसतो (हॉटेल मॅनेजमेंटवाले घेतील कदाचित).

बूट देण्याआधी पायात घालून घरभर चाला. वर्षानुवर्षं खोक्यात पडलेले पीयू (फोमसारख्या प्लास्टिकच्या) सोलचे बूट वरून धडधाकट दिसतात आणि चार पावलांत सोलचा भुगा होतो. नेमका मुलाखतीच्या दारात झाला तर? खरं तर आमच्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते बुटांवरच. शर्ट मित्राचा चालतो, बूट मापाचेच लागतात.

आता देणारे सहसा विसरतात ती गोष्ट. मुलाखतीचा एक दिवस कसाही निभावतो, मुलगा शेजाऱ्याचा शर्ट मागून नेतो. खरी पंचाईत नोकरी लागल्यावर होते. १ तारखेला रुजू झाला तर पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास, आणि तोवर रोज एकच शर्ट रात्री धुऊन सकाळी घालायचा. पावसाळ्यात तर तो वाळतही नाही. न्यूयॉर्कमध्ये नॅन्सी लुब्लिन यांनी १९९७ मध्ये पणजोबांकडून मिळालेल्या ५,००० डॉलरमधून 'ड्रेस फॉर सक्सेस' ही बायकांसाठीची संस्था काढली. त्यांची रीत मला पटते: मुलाखतीला एक सूट, आणि नोकरी लागली की परत बोलावून आणखी कपडे. तुम्हीही वीस जणांना एकेक शर्ट वाटण्यापेक्षा पाच जणांना चार-चार द्या.

मुलींचं विचारलं नाहीत, पण सांगते. त्या स्वतःहून मागत नाहीत. साध्या सरळ कुर्त्या आणि दार बंद होणारी एक खोली, आत आरसा, एवढं असलं की घेतात.

द्यायचं कुठे? जवळच्या आयटीआयचा प्लेसमेंट विभाग, रात्रशाळा, कॉलेजची 'कमवा व शिका' योजना बघणारे प्राध्यापक. आधी फोन करा, मापं विचारा. कपडे इस्त्री करून हँगरला लावून द्या आणि मुलांना त्यातून निवडू द्या. 'हा घे, तुला बसेल' म्हणू नका, वाटपाचे फोटो तर अजिबात नकोत. साड्या, चादरी, घरातले इतर धडके कपडे असतील तर 'गूंज' संस्थेकडे पाठवा, ते गावांकडे नीट पोहोचवतात. आणि बोहारणीचा इतका राग नको. तिच्याकडचा माल दुरुस्त होऊन जुन्या बाजारात जातो, आमची काही पोरं पहिली पँट तिथूनच घेतात.

देण्याआधी प्रत्येक शर्टाच्या कॉलरला मापाची चिठ्ठी टाचा आणि खिसे तपासा. आमच्याकडे आलेल्या एका शर्टात कुणाचं तरी एटीएम कार्ड निघालं होतं.