मार्क देण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझा लेख वाचला. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या कार्टून मालिकेचे सगळे ६१ भाग बघून, कथा, वेग आणि पात्रं असे तीन रकाने आखून तू प्रत्येक भागाला दहापैकी मार्क दिलेस. मेहनत दिसते. मार्कांवरून मला फारसं काही कळलं नाही, पण त्यात तुझा दोष नाही. बालनाट्य स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलाशी मी बराच बसलोय. नाटक आवडलं की नाही, हे पडदा पडता पडताच ठरलेलं असतं. मग ते आवडणं-नावडणं अभिनय, नेपथ्य, दिग्दर्शन अशा रकान्यांत वाटून टाकतात. नाटकानं कंटाळा आणला की बिचाऱ्या प्रकाशयोजनेचेही दोन मार्क जातात. तुझ्या तक्त्यात तेच झालंय. जो भाग आवडला नाही, त्याला तिन्ही रकान्यांत पाच-पाच.

मला सांगायचंय ते एवढंच, की चाहत्याचा कंटाळा खरा असतो, पण त्यानं सांगितलेलं कारण बहुतेक वेळा खरं नसतं. ‘स्लो आहे’, ‘फिलर आहे’ (म्हणजे नुसता भरीचा भाग), ‘कॅरेक्टर्स फार झाली’, ‘आवाज बदलला आणि मजा गेली’. पेशंट सांगतो कंबर दुखते, डॉक्टर मात्र पायांपासून तपासत येतो. लिहिणाऱ्यानंही तसंच तपासत यावं.

आता तुझ्याच लेखातलं घेऊ. पहिल्या सीझनच्या अकराव्या भागाला, ‘द ग्रेट डिव्हाइड’ला, तू तीन मार्क दिलेस आणि कारण लिहिलंस, ‘मुख्य कथा एक इंचही पुढे जात नाही.’ बरोबर, जात नाही. जगभरचे चाहते या भागावर खार खाऊन आहेत. खुद्द मालिकेनंच तिसऱ्या सीझनमध्ये त्याची टर उडवलीय. तिथं नाटकातलं नाटक चालू असतं आणि त्यातली मंडळी ‘ती बघा दरी’ म्हणतात आणि तशीच वरून उडून जातात.

पण मग दुसऱ्या सीझनचा पंधरावा भाग बघ, ‘टेल्स ऑफ बा सिंग से’. त्यातही मुख्य कथेतलं युद्ध पुढे सरकत नाही. छोट्या छोट्या सहा गोष्टी, बस. त्याला तू साडेनऊ दिलेस! म्हणजे कथा पुढं न जाणं हे कारण असूच शकत नाही.

दोन्ही भाग शेजारी ठेवून बघू. दरीच्या भागात दोन टोळ्या आहेत, एक टापटिपीची, एक गबाळी. दोघी भांडतात. मालिकेचा नायक आंग शेवटी एक खोटी गोष्ट रचून सांगतो आणि भांडण मिटतं. त्या टोळ्यांतल्या एकाचंही नाव तुला आठवतं का? मलाही नाही. आंगच्या सोबतचा सोका एका बाजूला जातो, सोकाची बहीण कटारा दुसऱ्या बाजूला, आणि दरी ओलांडल्यावर जणू काही घडलंच नाही. आंगनं खोटं बोलून मिटवलं, या गोष्टीचं ओझंही पुढं कुणाच्या मनावर राहत नाही. थोडक्यात, कुणाला काही किंमत मोजावी लागली नाही.

आता ‘टेल्स ऑफ बा सिंग से’मधली आयरोची गोष्ट घे. म्हातारा बाजारात टोपली विकत घेतो. रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून गप्प करतो. बॉल लागून खिडकी फुटते, तिथल्या पोरांना दोन शब्द सांगतो. लुटायला आलेल्या माणसाचं उभं राहणंच चुकलंय म्हणून ते सुधारतो, आणि वर त्याला चहा पाजतो. इथवर सगळी गंमत चालू आहे. मग तो टेकडीवर जातो, झाडाखाली टोपलीतलं सामान मांडतो, मेलेल्या मुलाची तसबीर ठेवतो. आज त्या मुलाचा वाढदिवस असतो. मघापासून हा माणूस दुसऱ्यांच्या पोरांना का सावरत होता, ते तिथं कळतं, आणि मागची सगळी गंमत एका झटक्यात वेगळी दिसायला लागते. ही सगळी काही मिनिटांची कामगिरी आहे. हा तुकडा ज्यांना अर्पण केलाय ते माको, म्हणजे आयरोचा आवाज, २००६ साली गेले. ते माहीत नसलेलं पोरही इथं गप्प होतं, मी पाहिलंय.

तेव्हा ‘फिलर’ लिहून पुढं सरकू नकोस. त्या भागात कुणाला काय मिळालं, कुणाचं काय गेलं, ते लिही. दोन्ही उत्तरं ‘काही नाही’ आली तर खुशाल तीन मार्क दे.

वेगाचं थोडं वेगळं आहे. इथं तुझी बघायची पद्धतच आड येते. तू परीक्षा संपल्यावर रात्री-रात्री जागून ती मालिका फस्त केलीस. ती २००५ ते २००८ अशी टीव्हीवर आली होती, भागाभागानं, मध्ये वाट बघायला लावत. आठवड्यानं येणाऱ्या पोराला मागचं आठवावं म्हणून जी उजळणी ठेवलेली असते, ती तुला पाल्हाळ वाटते. उलटंही होतं. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ या कार्टून मालिकेचे भाग फक्त ४०, पण ते यायला २०१२ ते २०१६ लागली. मध्ये इतके मोठे खंड, की तेव्हाचे चाहते वैतागले होते. आज कुणी सलग बघितलं तर म्हणतो, काय घट्ट बांधलीय! भाग तेच. त्या मालिकेत एका उन्हाळी सुट्टीचीच गोष्ट आहे. सुट्टी संपली तशी तिच्या कर्त्यानं, अ‍ॅलेक्स हिर्शनं, आपणहून मालिका थांबवली. मला हे फार आवडतं. चालू गाडी स्वतःहून थांबवणारे या धंद्यात कमी.

आणि कधी कधी घाईचं कारण पडद्यामागं असतं. ‘अवतार’च्या पुढची मालिका ‘लेजंड ऑफ कोरा’, तिचा पहिला सीझन १२ भागांचा. शेवटच्या काही मिनिटांत कोराची गेलेली शक्ती परत येते, सगळं ठीकठाक, टाळ्या. चाहते अजून त्यावर चिडतात. लिहिलं तेव्हा ती एवढीच छोटी मालिका होणार होती, सगळं तिथंच मिटवायचं होतं. पुढं ती चार सीझन, ५२ भाग चालली. हे कळल्यावर शेवट चांगला होत नाही, अजिबात नाही. पण ‘लेखकांना जमत नाही’ असं तू लिहिलंयस ते मात्र खोडावं लागेल.

लेखात शेवटी ‘डोरेमॉन’ला जाता जाता एक टपली मारलीस, ‘वर्षानुवर्षं तेच, नोबिता सुधारतच नाही.’ अरे, तो सुधारला तर मालिका संपली की! दहा-अकरा मिनिटांची गोष्ट आहे ती. नोबिता रडत घरी आला, डोरेमॉनच्या खिशातून जादूची वस्तू निघाली, काम झालं, हाव सुटली, अंगाशी आलं. हे पाच टप्पे पहिलीतल्या पोरालाही पाठ असतात, आणि पाठ असतात म्हणूनच ते हसतं. हाव कधी सुटते याची ते वाट बघत असतं. अशा गोष्टीत पात्र बदललं का, हे विचारायचंच नाही. अंगाशी येतं ते नोबिताच्याच हावेमुळं आलं, की लेखकाला वेळ संपवायचा होता म्हणून वरून येऊन पडलं? चांगला आणि वाईट डोरेमॉन तिथं वेगळे होतात. ‘ब्लूई’ ही कुत्र्यांच्या कुटुंबाची मालिका तर सात मिनिटांची. एक खेळ, त्याचे नियम, कुणीतरी नियम मोडतं, खेळ निस्तरला जातो. त्या सात मिनिटांत आईबाप किती दमलेत हेही दिसतं. लांबी बघून अपेक्षा ठेव. ६१ भागांच्या कथेची पट्टी इथं लावू नकोस.

पात्रांबद्दल मला आपल्या सोलापुरातलं सांगायचंय.

उन्हाळी शिबिरात मधल्या सुट्टीत पोरं ‘छोटा भीम’ मालिकेवरून ‘भीम-भीम’ खेळतात. आपल्या पूर्व भागातली पोरं तू ओळखतोसच. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नडही कानावर पडतं. पण भीमाच्या ढोलकपूर गावात शिरली की सगळी हिंदीत. ‘कालिया, रुक जा!’ आणि लगेच मागून, ‘ए, माझी पाळी हाय की बे!’ पहिल्या दिवशी सगळ्यांनाच भीम व्हायचं असतं. मारामाऱ्या होतात त्यावरून. दोन-तीन दिवसांनी बघावं तर त्यातली हुशार पोरं कालिया मागायला लागतात. एकीला मी विचारलं, का गं? ती म्हणाली, ‘भीमला काय कामच नाही सर. शेवटी येऊन मारायचं फक्त.’

एवढं नेमकं परीक्षण मी छापलेलं वाचलेलं नाही. भीमात खोट नाही, त्यामुळं त्याला ठेच लागत नाही. कालियाला जिंकायचंय, त्याची फजिती होते, त्याला लाज वाटते, तरी तो परत येतो. गोष्ट कालियाच ओढतो. ढोलू-भोलू दोघे असले तरी त्यांचं काम एकच, कालियाला हो म्हणायचं आणि ऐनवेळी पळायचं. म्हणून दोन असूनही गर्दी वाटत नाही. एखाद्या मालिकेत ‘कॅरेक्टर्स फार झाली’ असं वाटलं, तर एकेकाला मनातल्या मनात बाहेर काढून बघ. काहीच अडलं नाही, तर तो नुसता उभा होता.

नुसते उभे का असतात, तेही सांगतो. आमच्या बालनाट्यात एका झाडाचं काम पुरत असताना पाच झाडं दिसतात, कारण पाच आया विंगेत उभ्या असतात. मालिकांत आयांच्या जागी दुकानदार असतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भीमाचे, मोटूचे फुगे नि मुखवटे टांगलेले असतात ना, तो हिशेब कधी कधी कथेच्या आधी झालेला असतो. ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा १९८६चा सिनेमा बघ. जुनी खेळणी जाऊन नवी यायची होती, म्हणून त्यात नायकालाच, ऑप्टिमस प्राइमला, मारून टाकलं. थिएटरात पोरं हमसून रडली. खेळण्यांच्या कंपनीला वाटलं होतं खेळणी बदलतोय, पोरांच्या लेखी घरातला माणूस गेला. शेवटी त्याला मालिकेत परत आणावं लागलं. नवं पात्र का आलं, याचं उत्तर कथेत सापडलं नाही तर बाजारात शोध. सापडलं की लिही, पण एका ओळीत. सगळ्याच गोष्टींमागं धंदा शोधणारा लेखही वाचवत नाही.

आवाजांवर तू अर्धं पान खर्च केलंयस, मी एवढं करणार नाही. सातव्या-आठव्या वर्षी जो आवाज कानात बसतो तोच जन्मभर खरा. माझ्या पिढीला दूरदर्शनवरच्या मोगलीतला शेरखान म्हणजे नाना पाटेकरच. तो जपानी मालिकेतला वाघ, मूळ आवाज दुसऱ्याच कुणाचा, हे सांगूनही पटत नाही. जपानमध्ये १९७९पासून डोरेमॉन म्हणजे नोबुयो ओयामा होत्या. २००५मध्ये मुख्य आवाजांची सगळी फळीच बदलली, वासाबी मिझुता आल्या, तेव्हा तिथंही नाराजी झालीच. आज तिथल्या पोरांना त्यांचाच आवाज खरा वाटतो. म्हणून ‘आधीचा बरा होता’ यावर थांबू नकोस. नवा माणूस श्वास कुठं घेतो, विनोदाआधी थांबतो का, ते ऐक. मोटू आणि पतलू दोघांनाही सौरव चक्रवर्ती यांचाच आवाज आहे, हे माहीत होतं तुला? एकाच गळ्यातलं भांडण आहे ते. कोण कुणाला कुठं तोडणार, हे एकाच डोक्यात असतं, म्हणून ती जुगलबंदी इतकी चोख बसते. गोष्टी सुमार असल्या तरी.

अजून एक. या मालिका आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी आहेत आणि तू अठरा पार केलीस. तुझं मत धर, पण त्यांच्याकडेही बघ. पडद्याकडं नव्हे, पोरांकडं. दुपारी कूलरसमोर बहिणीची गँग बसते ना, त्यांच्या मागं भिंतीला टेकून बस. पाणी प्यायला कोण कधी उठलं, चादरीची दशी ओढत कोण बसलं, भांडण कोणत्या मिनिटाला सुरू झालं, ते वहीत टिपून ठेव. ‘कसं होतं?’ असं विचारू नकोस, सगळी ‘भारी’ म्हणतात. ‘मग काय झालं?’ विचार. त्यांना जे आठवेल ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं. बाकी तिथंच पडलं.

आता काम. ६१ भागांचा तक्ता बाजूला ठेव. दोनच भाग घे, हेच दोन, दरीचा आणि बा सिंग सेचा. आधी आवाज बंद करून बघ. मग मोबाइल पालथा ठेवून नुसते ऐक. कुठला कशावर उभा आहे ते तुलाच कळेल. त्यावर चार पानं लिही, मार्क न देता. रविवारी मी दिवसभर हुतात्मा स्मृती मंदिरात तालमीला आहे, तिकडं येऊ नकोस, बोलणं होणार नाही. सोमवारी संध्याकाळी घरी ये. आणि येताना ती वहीही आण, नुसता लेख नको.

तुझा,
सर