कारखान्याच्या पाण्याने बिघडलेली जमीन बायोचारने सुधारते का?

शेजारच्या कारखान्याच्या सांडपाण्याने नापीक झालेली दीड एकर जमीन बायोचार (हवा जवळजवळ न मिळू देता भाजून केलेला कोळसा) टाकून पुन्हा पिकेल का, एकरी किती टाकावा आणि तो विकत घ्यावा की घरी करावा, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. त्या सांडपाण्यात काय होते, हे मात्र आपण एका शब्दानेही सांगितलेले नाही आणि सगळे उत्तर तिथेच अडते. तरीही लिहितो आहे, कारण याच विषयावरून आमच्या घरात गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे आणि त्यातली निम्मी बाजू माझी आहे.

आमचे अकरा गुंठ्यांचे खाचर कोकणात, एका औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठी आहे. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर पऱ्ह्याच्या पाण्यावर पालक, मुळा, लाल माठ अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. वरच्या बाजूला लोखंडी सामानाला जस्ताचा मुलामा देणारा कारखाना आला. मुलामा देण्याआधी लोखंडावरचा गंज हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून काढतात, आणि ते आम्ल वापरून निकामी झाले की त्यात लोखंड व जस्त भरपूर विरघळलेले असते. त्यातले काही पऱ्ह्यात येत होते. तीन-चार हंगामांत पालकाची कोवळी पाने शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी निघू लागली. जस्त फार झाले की पिकाला लोह घेता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी रोग समजून फवारण्या करीत बसलो. माती तपासली तेव्हा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ४.६ निघाला आणि पिकाला सहज मिळू शकणारे जस्त, जे ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली गेले तर कमतरता मानतात, ते शंभरीच्या पुढे होते. यथावकाश तो कारखाना बंद पडला; तक्रारींचा इतिहास इथे उगाळत नाही.

आमचे थोरले बंधू मुंबईला असतात. त्यांचे म्हणणे असे की अकरा गुंठे गेले तर गेले, चुना मारून जमीन हिरवी दिसेल इतकी करावी आणि विकून टाकावी. घेणाऱ्याला मातीचा अहवाल दाखवायचा की नाही, यावर आमचे जे बोलणे झाले त्यानंतर दोन गणपती आम्ही एकमेकांशी कामापुरतेच बोललो. मी कोळशाचा विचार बोलून दाखवला तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "राखेने जमीन सुधारत असती तर स्मशानात भात पिकला असता." सगळे हसले आणि मला उत्तर सुचले नाही.

ते उत्तर आता देतो. राख वेगळी आणि बायोचार वेगळा. आमचे आजोबा ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून राब भाजत. त्यात पाला उघड्यावर जळतो, कार्बन हवेत जातो आणि मागे मुख्यतः पालाश व चुनखडीची राख उरते, जी आमच्याकडच्या पावसात धुऊन जायला वेळ लागत नाही. बायोचार हा लोणारी कोळशाचा भाऊबंद आहे. साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला, हवा जवळजवळ न मिळता लाकूड भाजले की त्यातला बराच कार्बन जागेवर राहतो, आणि तो सच्छिद्र सांगाडा मातीत शेकडो वर्षे टिकू शकतो. त्याच्या पृष्ठभागावर शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे यांचे धनभारित कण धरले जातात. शिवाय तो स्वतः अल्कधर्मी असल्याने आम्ल मातीचा सामू वर चढतो आणि विरघळलेले धातू न विरघळणाऱ्या रूपात जातात. धातू जमिनीतून जात मात्र नाही. एकूण जस्त जितके होते तितकेच राहते, फक्त मुळांना मिळायचे कमी होते. जो कोणी आपल्याला "बायोचार प्रदूषण शोषून नष्ट करतो" असे सांगेल, त्याच्याकडून दुसरे काहीही विकत घेऊ नका.

मी खाचराच्या एका कडेला अर्ध्या अर्ध्या गुंठ्याचे चार वाफे आखले. एक तसाच ठेवला, दुसऱ्यात तेरा किलो चुना, तिसऱ्यात वजनाने दोन टक्के बायोचार आणि चौथ्यात दोन्ही. अर्ध्या गुंठ्यातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन दहा टनांच्या आसपास भरते, म्हणजे प्रत्येक वाफ्याला दोनशे किलो कोळसा लागला. तो मी शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात केला. तळाशी नाही, ढिगाच्या माथ्यावर पेटवायचे. खालच्या थरावर पांढरी राख धरू लागली की लगेच वाळक्या फांद्यांचा पुढचा पातळ थर टाकायचा, म्हणजे वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते आणि खालचा कोळसा वाचतो. शेवटी पाणी ओतून पूर्ण विझवायचे. पहिल्या दोन भट्ट्या धुराने भरल्या, कारण फांद्या ओल्या होत्या. त्यातला कोळसा बोटांवर चोळला तर काळा चिकट थर साबणाशिवाय निघेना. तो डांबरट कोळसा शेतात टाकू नये. चांगला कोळसा मोडताना काचेसारखा वाजतो आणि हात साध्या पाण्याने धुतले की निघून जातो.

एवढे करून पहिल्या वर्षी मी फजित झालो. कोळसा कुटला आणि तसाच कोरडा मातीत मिसळला. शिमग्याला बंधू आले तेव्हा कोळशाच्या वाफ्यातला पालक सगळ्यांत फिका होता आणि चुन्याच्या वाफ्यातला सगळ्यांत चांगला. ते काही बोलले नाहीत, नुसते चुन्याच्या वाफ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मी वाकून पाहिले तेव्हा पिवळेपणा यावेळी जुन्या, खालच्या पानांवर होता. म्हणजे दोष जस्ताचा नव्हता, नत्राचा होता. कोरडा कोळसा सुरुवातीला नत्र स्वतःच धरून ठेवतो. त्यानंतर मी नवा कोळसा गोमूत्र आणि कुजलेल्या शेणखतात महिनाभर मुरवूनच टाकला, आणि त्या वाफ्याला वेगळे शेणखतही दिले.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा माती तपासली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नुसत्या चुन्याच्या वाफ्याचा सामू घसरून पुन्हा पाचाच्या जवळ आला होता, कोळशाचा ५.७ वर टिकला होता, दोन्ही टाकलेल्याचा सहाच्या वर होता आणि तिथले पिकाला मिळणारे जस्त निम्म्याहून कमी झाले होते. एका शेतातल्या चार वाफ्यांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य आहे. पण चुना दर दोन-तीन वर्षांनी टाकावा लागेल, हे विक्रीच्या बोलण्यात कोणी सांगणार नव्हते.

आता आपल्या प्रमाणाविषयी. एक एकर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन साडेआठशे ते नऊशे टन होते. एक टक्का म्हटले तरी एकरी नऊ टन कोळसा, आणि वाळक्या लाकडाचा फार तर चौथा हिस्सा कोळसा हाती येतो, म्हणजे छत्तीस टन वाळके लाकूड. दीड एकराला चोपन्न टन. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की सगळ्या जमिनीवर एकदम टाकण्याचा उत्साह ओसरतो. तीन-चार गुंठ्यांपासून सुरुवात करा. कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, करवंट्या, वेडी बाभूळ, भाताचे तूस, जे आपल्याकडे फुकट पडून आहे तेच वापरा. रंग दिलेले किंवा प्रक्रिया केलेले लाकूड वापरू नका, कारण त्यातले धातू कोळशात उतरतात. विकतच्या पोत्यांवर ॲमेझॉनच्या काळ्या मातीची कथा बहुधा छापलेली असते. त्या मातीत कोळशाबरोबर हाडे, मासळीचा कचरा, खापरे आणि माणसांनी शतकानुशतके टाकलेला उकिरडाही आहे, हे पोत्यावर लिहिलेले नसते.

आपण देशावरचे असाल आणि जमीन काळी असेल, तर वरचे बरेचसे आपल्याला लागू नाही. सामू आधीच आठाच्या पुढे असेल तर अल्कधर्मी कोळसा टाकून तो वाढवण्यात अर्थ नाही, उलट लोह-जस्ताची कमतरता येऊ शकते. आसवनीच्या मळीचे पाणी शिरून जमीन क्षारपड झाली असेल तर कोळसा ते क्षार धरून ठेवत नाही. तिथे चर काढून निचरा करणे आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) असेल तर जिप्सम, हाच मार्ग आहे. आर्सेनिक असेल तर विशेष जपावे, कारण सामू वाढल्यावर ते मातीतून सुटून उलट अधिक मोकळे होऊ शकते. कोळसा तणनाशकेही धरून ठेवतो, त्यामुळे पेरणीपूर्व फवारणीचा परिणाम कमी झाल्यास दुकानदाराशी भांडू नका. आणि दूषित पाणी अजून येत असेल तर आधी बांध घालून ते वळवा; त्याशिवाय यातले काहीही करू नका.

आमच्या त्या अकरा गुंठ्यांत आता दसऱ्यासाठी झेंडू असतो. पालेभाजी मी तिथे विकण्यासाठी लावत नाही, कारण जस्ताबरोबर बहुधा कॅडमियम येते आणि पालेभाजी ते पानांत साठवते. बंधू याला माझी हार म्हणतात. जमीन अजून विकलेली नाही.

माती तपासायला देताना सामू, क्षारता आणि आपल्या कारखान्यानुसार संशयित धातू, एकूण आणि पिकाला मिळणारे असे दोन्ही मागून घ्या. शून्य ते पंधरा आणि पंधरा ते तीस सेंटिमीटरचे नमुने वेगळे काढा. शिवाय जिथे ते पाणी कधीच शिरले नाही अशा शेजारच्या जमिनीचाही एक नमुना त्याच दिवशी द्या. मी तो पहिल्या वर्षी दिला नाही आणि त्यामुळेच आमच्या बंधूंना आजही म्हणता येते की कोकणातली तांबडी माती मुळातच आम्ल असते, कारखान्याने काही केलेच नव्हते.