तालुक्याच्या गावात राहून पत्रकारितेवर घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की पत्रकारितेची पदविका झाली आहे, पुण्या-मुंबईला जायची इच्छा नाही, आपल्याच तालुक्यात हे काम आयुष्यभर करता येईल का आणि रोजचा दिवस कसा असतो. मी धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याचा. १९९३च्या भूकंपाच्या दोन-तीन वर्षं आधी वार्ताहर झालो, अजून बातम्या पाठवतो. आधी पैशाचं बोलतो, कारण वर्गात ते कुणी सांगितलं नसणार.

नुसत्या बातम्यांवर घर चालत नाही. तालुका प्रतिनिधी हा बहुतेक ठिकाणी पगारी नोकर नसतो. मानधन मिळतं, त्यात महिन्याचं पेट्रोल सुटलं तरी नशीब. खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हा आपला हंगाम. वरून आकडा ठरवून येतो, की तुमच्या तालुक्यातून इतक्याची जाहिरात पाहिजे. मग तुम्ही साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समितीचे संचालक, खासगी दवाखाने, शिकवणीवाले असे फिरता. जाहिरात छापून आली की बिलाची वसुलीही तुमच्याच गळ्यात. वाढदिवस होऊन सहा महिने झाले तरी 'साहेब मुंबईला गेलेत' हेच ऐकायचं, आणि पैसे बुडाले तर ते तुमच्या कमिशनमधून किंवा अनामतीतून वळते होणार.

आता यातली गोम बघा. ज्या पतसंस्थेच्या अध्यक्षाकडे सोमवारी अर्धं पान मागायला बसलात, त्याच पतसंस्थेत ठेवीदारांची रांग लागल्याची बातमी गुरुवारी द्यायची आहे. माझ्यावर असे प्रसंग आले. एकदा बातमी दिली आणि त्या माणसाच्या पाहुण्यारावळ्यांसकट सगळ्यांच्या जाहिराती दोन दिवाळ्या बंद झाल्या. पत्रकारांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. चांगलंच आहे. पण तालुक्यात तुमच्या अंगाला सहसा कुणी हात लावत नाही, जाहिरात काढून घेतात. त्यावर कलम नाही.

मी त्या दोन दिवाळ्या काढू शकलो ते माझ्या बाणेदारपणामुळे नव्हे. घरची थोडी जमीन आहे, सोयाबीन-तूर निघते आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारी दोन-तीन पोरं माझ्या डोळ्यांदेखत या धंद्यातून गेली. एकाने झेरॉक्सचं दुकान टाकलं, एक पुढाऱ्याचा स्वीय सहायक झाला. त्यांच्याकडे जमीन नव्हती, एवढाच फरक. तेव्हा माझं उत्तर असं की करता येईल, पण दुसरं उत्पन्न आधी उभं करा. दुकान, शेती, भाषांतराची कामं, काहीही. पत्रकाराच्या निर्भीडपणाबद्दल दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या सत्कारात जे बोलतात, त्यातला निम्मा भाग सातबाऱ्यावर असतो.

दिवसाचं विचाराल तर पहाटे पेपरचे गठ्ठे उतरतात तेव्हा उठायची सवय लागली, ती सुटली नाही. आधी आपली बातमी आली का, किती कॉलम आली, कापली कुठे ते बघायचं. मग पोलीस ठाणे, तहसील, ग्रामीण रुग्णालय. बाजार समितीत सौदे निघायच्या वेळेला जायचंच, कारण तुरीचा भाव शंभर रुपयांनी पडला ही आमच्याकडे पहिल्या पानाची बातमी आहे, छापणारे ती आत कुठेतरी टाकतात ते सोडा. संध्याकाळच्या आत मजकूर गेला पाहिजे. आणि कार्यक्रमाची बातमी असेल तर उपस्थितांची नावं. कुणाला 'आदी'मध्ये ढकललंत तर तो माणूस पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी बसूनही बोलत नाही.

आमच्या सुरुवातीला पाठकोऱ्या कागदावर बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि स्टँडवर जाऊन सोलापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायची. फोटो असेल तर रोलच पाकिटात. तिकडे कार्यालयाचा माणूस स्टँडवर येऊन घेऊन जायचा. कोणत्या गाडीचा कंडक्टर पाकीट विसरतो हे मला पाठ होतं. पुढे फॅक्स आला, मग ईमेल. ईमेल आला तरी आमचा फाँट तिकडे उघडला की नुसत्या किड्यामुंग्या दिसायच्या, हा छळ युनिकोड येईपर्यंत चालला. आता व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत बातमी जाते. पण तीच बातमी त्याच शब्दांत सगळ्या पेपरांत येते, कारण एक जण लिहितो आणि ग्रुपवर टाकतो. हे मला आवडत नाही.

भूकंपाचं सांगतो, कारण तालुक्याच्या पत्रकाराचं काम काय ते मला तिथे कळलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जनाहून येऊन लोक नुकते झोपले होते. उजाडल्यावर मोटारसायकलवर सास्तूरकडे निघालो. माळवदाची घरं, दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सगळं बसलेलं. गल्ली कुठली ते कळेना. पुढे पडलेल्या घरांच्या तुळयाच चितांना वापरल्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून देशभरातले पत्रकार आले. त्यांनी उत्तम लिहिलं, मी ते वाचून शिकलो. पण महिन्याभरात ते गेले, आणि खरी बातमी त्यानंतर सुरू झाली. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा कसा जातो, नव्या गावठाणात कुणाला घर मिळालं आणि कुणाचं नाव यादीतून गळालं. भूकंपग्रस्तांना सरकारी नोकरभरतीत २ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याच्या दाखल्यासाठी पोरं अजून तहसीलच्या पायऱ्या चढतात. या बातम्या मी कितीतरी वर्षं दिल्या. एकही राज्यभर गाजली नाही. पण यादीत नाव परत लागलेला एक म्हातारा तेव्हापासून दर मृगाला आमच्या घरी आंब्याची पाटी आणून द्यायचा. नको म्हटलं तर रागवायचा.

सध्या हातात माईक घेऊन स्वतःचं यूट्यूब चॅनल काढणारी पोरं आहेत. आमचे जुने लोक त्यांना नावं ठेवतात, मी ठेवत नाही. त्यातली एक मुलगी ग्रामसभेचं पूर्ण चित्रण टाकते, आम्ही ते कधी केलं नाही. पण माईक पुढे करून टपरीवाल्याकडे पैसे मागणारेही आहेत, आणि त्यांच्यामुळे आता कार्यालयात शिपाईसुद्धा आधी ओळखपत्र मागतो.

तुम्हाला सुरू करायचंच असेल तर फेरफार, नमुना आठ-अ हे जमिनीचे कागद आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचायला एखाद्या निवृत्त तलाठ्याकडून शिकून घ्या. भाषण कुणीही लिहून आणतो, कागद वाचणारा आमच्या तालुक्यात दुर्मीळ आहे. स्वतःची कात्रणं जपा, अधिस्वीकृतीसाठी, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेसाठी अर्ज करताना आणि म्हातारपणी सरकारचा सन्मान निधी मागताना वर्षानुवर्षांचे पुरावे लागतात.

शेवटी कंसात विचारलंय की या धंद्यात असलं तर लग्न जमायला अडचण येते का. येते. बायोडेटात शेती लिहा. पत्रकारिता करतो हे मुलीकडचे चौकशीत काढतातच.