रोइंग करणारा पोरगा घरच्या अवजारांच्या धंद्यात उपयोगी पडेल का?

तुम्ही विचारलंय की घरचं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे, मुलगा पुण्यात मेकॅनिकलला आहे पण सगळा वेळ बोट क्लबवर, तर या रोइंगचा पुढे धंद्याला काही उपयोग आहे का. दादा, आहे, भरपूर आहे. मी स्वतः कॉलेजात असताना मुळा नदीवर वल्ही मारलीयेत म्हणून ठामपणे सांगतो, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या ड्राइसिगॅकर भावांची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

थोरला डिक इंजिनिअर होता, 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकला अमेरिकेच्या टीममधून उतरलेला. धाकटा पीट पण रोअरच. 1976 मध्ये दोघांनी कार्बन फायबरची वल्ही बनवायला घेतली, तेव्हा लाकडी वल्ह्यांचाच जमाना होता, आणि सुरुवात कुठे तर ब्रेडच्या डिलिव्हरी ट्रकमध्ये. मग व्हरमाँट राज्यात मॉरिसव्हिलला एक डेअरी फार्म घेतला आणि तिथल्या गोठ्याचंच वर्कशॉप केलं. आता तिकडे हिवाळ्यात पाणी गोठतं, बोट काढणार कुठे? तर या लोकांनी सायकल जमिनीला ठोकून पक्की केली आणि तिची चेन ओढून प्रॅक्टिस सुरू केली!! त्यातूनच 1981 ला त्यांच्या कंपनीचं, कॉन्सेप्ट टूचं, पहिलं रोइंग मशीन आलं, सायकलचं चाक, त्याला प्लास्टिकची पाती, चेन आणि हँडल. आज जगभरातले रोअर त्याच कंपनीच्या मशीनवर 2000 मीटरची टेस्ट देतात.

यात खरी गंमत पात्यांची आहे. पातं हवा कापतं, वेग दुप्पट केला की हवेचा अडसर साधारण चौपट होतो, म्हणजे जितकं जोरात ओढाल तितकं ते जड लागतं, पाण्यात वल्हं लागतं ना अगदी तसं. ज्याने पाणी ओढलंय त्याच्याच हाताला हे कळणार. जिममधली पोरं चाकात किती हवा शिरू द्यायची ते ठरवणारा बाजूचा 1 ते 10 चा लिव्हर सरळ 10 वर नेऊन ठेवतात, रोअर बहुतेक 3 ते 5 च्या मधेच ठेवतात, कारण त्यांना चाक हलकं फिरलेलं हवं असतं आणि जोर पायातून लावायचा असतो. पुढे 1991 ला याच भावांनी वल्ह्याचं पातं पण बदललं, रुंद, खाटकाच्या सुऱ्यासारखं, आणि बघता बघता सगळ्यांनी तेच उचललं.

आता तुमच्याकडे येतो. आपल्याकडचं तण काढायचं सायकल कोळपं बघा, तेही जुन्या सायकलचं चाक, दांडा आणि तण कापणारं पातं, म्हणजे पास. बऱ्याच ठिकाणी हँडलची उंची एकच ठरलेली असते, मग बुटक्या बाईला खांद्यातून ढकलावं लागतं आणि उंच माणूस दिवसभर वाकलेला, संध्याकाळी कंबर धरून बसतो. रोअरला हे लगेच दिसतं, जोर पायातून कमरेत आणि तिथून हातात कसा येतो हेच तर तो रोज पहाटे घोटत असतो. माझं ऐकाल तर त्याचा बोट क्लब अजिबात बंद करू नका, सुट्टीत आला की एक कोळपं त्याच्या ताब्यात द्या, कोळपणी करणाऱ्या बायकांबरोबर शेतात पाठवा, त्यांचं ऐकू दे, आणि मग हँडल कुठे वाकवायचं, दांड्याला भोकं कुठे पाडायची ते त्यालाच ठरवू द्या.