दुचाकी, टीव्ही, फ्रीजच्या विक्रीवरून आपल्या बीड जिल्ह्याची आर्थिक परिस्थिती ओळखता येते का?

तुम्ही बीड जिल्ह्याबद्दल विचारलंय, म्हणून तोच धरून सांगतो. ओळखता येते, पण टीव्ही-फ्रीजवरून नाही. त्यांची जिल्हावार विक्री कुठेच प्रसिद्ध होत नाही. केंद्राच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत टिकाऊ वस्तूंवरचा मागच्या ३६५ दिवसांचा खर्च विचारतात, पण निकाल राज्याच्या पातळीवर येतात. औद्योगिक उत्पादन निर्देशांकातला टिकाऊ वस्तूंचा आकडा तर कारखान्यातल्या उत्पादनाचा, तोही देशाचा. राहते ती गाडी, कारण तिचं पासिंग, म्हणजे आरटीओकडे नोंदणी, होतं.

या नोंदणीचे आकडे देणाऱ्या केंद्राच्या 'वाहन' डॅशबोर्डवर (वेबसाइटवर) राज्य महाराष्ट्र निवडा, मग आरटीओ. बीडसाठी एमएच-२३ (बीड) आणि एमएच-४४ (अंबाजोगाई) या दोन्हींची बेरीज करावी लागते. एकच घेतलं तर अर्धा जिल्हा सुटतो. आडव्या अक्षावर महिना, उभ्या अक्षावर वाहनाचा वर्ग ठेवा. मोटारसायकल-स्कूटर आणि मोटार कार या ओळी उतरवून घ्या. ट्रॅक्टर वेगळा ठेवा: ते उत्पादनाचं साधन आहे आणि त्याची विक्री अनुदानावर हलते. कंपन्यांचे महिन्याच्या सुरुवातीला पेपरात येणारे आकडे इथे वापरू नका. ते बहुतेक वेळा डीलरकडे पाठवलेल्या मालाचे असतात. दिवाळीआधी गोदामं भरली की ते फुगतात, मग ग्राहक येवो न येवो.

सगळ्यात जास्त घोळ तुलनेत होतो. गेल्या ऑक्टोबरशी हा ऑक्टोबर लावला की निष्कर्ष हमखास चुकतो. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला आणि दिवाळी पाडवा १४ नोव्हेंबरला होता. २०२५ साली २ आणि २२ ऑक्टोबरला. म्हणजे एका वर्षी दोन्ही मुहूर्त ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या वर्षी एकच. शिवाय पितृपक्षात शोरूम ओस असतात. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी एकत्र बेरीज करा आणि मार्च ते मे अशी दुसरी. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया त्यात बसतात. आर्थिक वर्ष तर टाळाच. गुढीपाडवा २२ मार्च २०२३, ९ एप्रिल २०२४ आणि ३० मार्च २०२५ असा आला. २०२३-२४ मध्ये एकही गुढीपाडवा नाही, २०२४-२५ मध्ये दोन! जानेवारी ते डिसेंबर घेतलं की दर वर्षी बरोबर एक येतो.

दुसरा घोळ धोरणांचा. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. मधले पाच आठवडे थांबणाऱ्या ग्राहकाची परिस्थिती बिघडलेली नव्हती. मार्च २०१७ च्या शेवटच्या दोन दिवसांत बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाच्या) गाड्या १ एप्रिलपासून विक्री बंद होणार म्हणून मोठ्या सवलतीत खपल्या, तीही सुबत्ता नव्हे. यावर उपाय सोपा आहे: बीडची संख्या भागिले त्याच काळातली महाराष्ट्राची संख्या. करकपात सगळ्या राज्याला लागते, त्यामुळे तिचा परिणाम बराचसा निघून जातो. उरतो तो बीडचा वाटा. तो सलग दोन हंगाम घसरला तर पाऊस आणि कापूस-सोयाबीनचे भाव बघायला घ्या.

दरडोई आकडे काढून पुण्याशी तुलना मात्र करू नका. लोकसंख्या २०११ ची आहे, आणि पुण्यात नोकरीला असलेला बीडचा मुलगा तिथल्या पत्त्यावर गाडी घेतो. ती एमएच-१२ किंवा एमएच-१४ मध्ये मोजली जाते.

बीडपुरती आणखी एक गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हंगामाआधी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते. तिच्यातून भरलेलं डाउनपेमेंट पासिंगमध्ये वाढ दाखवतं, पण ती पुढच्या श्रमांवर घेतलेली उसनवारी असते. इतरांचेही हप्तेच असतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन फायनान्सवाल्यांकडे विचारा की दिवाळीतल्या किती गाड्यांचा तिसरा-चौथा हप्ता थकलाय आणि किती गाड्या ओढून आणाव्या लागल्या. दिवाळीत पासिंग वाढलं आणि हेही आकडे वाढले, तर ती वाढ कमाईतली नाही.